कॅमेऱ्याची परीक्षा : निकॉन डी-९०च्या निमित्ताने

कॅमेरा घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मेगापिक्सेलचा? शाळेच्या खरेदीत तर हा प्रश्न फारच सोयीचा पडतो. तीन दरपत्रके मागवावीत, तुलनात्मक तक्ता करावा, मेगापिक्सेलच्या रकान्यात ज्याचा आकडा मोठा आणि किमतीच्या रकान्यात ज्याचा लहान, तो कॅमेरा मंजूर करावा. तक्ता नीटनेटका दिसतो आणि लेखापरीक्षकांचीही तक्रार नसते. परंतु सूक्ष्मदर्शक घेताना केवळ ‘किती पट मोठे दिसते’ एवढेच पाहिले तर काय हाती पडते, हे विज्ञानाच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. प्रतिमा मोठी होते, पण तीत नवे काही दिसत नाही. कॅमेऱ्याचेही असेच आहे.

म्हणून येथे एका कॅमेऱ्याची सविस्तर परीक्षा घेऊ. निकॉन या जपानी कंपनीने ऑगस्ट २००८ मध्ये ‘डी-९०’ जाहीर केला. अमेरिकेत नुसत्या कॅमेऱ्याची किंमत होती ९९९.९५ डॉलर, आणि १८ ते १०५ मि.मी.च्या झूम लेन्ससह १,२९९.९५ डॉलर. खाली नवशिक्यांसाठीचा डी-६०, वर व्यावसायिकांच्या जवळ जाणारा डी-३००, आणि मध्ये हा. म्हणजे छंद मनापासून करणाऱ्या, पण त्यावर पोट नसलेल्या माणसासाठी. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला. २०१० मध्ये त्याच्या जागी डी-७००० आला, पुढे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे युग सुरू झाले. आज डी-९० मिळतो तो वापरलेला, आणि मूळ किमतीच्या लहानशा अंशात. शाळेला किंवा हौशी विद्यार्थ्याला परवडेल असा. तेव्हा तो घ्यावा का, हा प्रश्न अजून जिवंत आहे. आणि जाहिरातीचा धुरळा खाली बसल्यामुळे उत्तरही जरा शांतपणे देता येते.

प्रथम रचना पाहू. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर वळतो आणि एका खरखरीत काचेवर प्रतिमा तयार होते. ही प्रतिमा सुलट असते, पण तिची डावी-उजवी बाजू बदललेली असते. वरचा पाच बाजूंचा काचेचा लोलक तीन परावर्तने घडवून ती दुरुस्त करतो आणि डोळ्यापर्यंत आणतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि तोच प्रकाश मागच्या संवेदकावर पडतो. पाहण्याची आणि टिपण्याची लेन्स एकच, म्हणून ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’. स्वस्त कॅमेऱ्यांत काचेच्या लोलकाऐवजी आरशांची पोकळ जुळणी असते. ती हलकी असते, पण प्रतिमा लहान आणि मंद दिसते. डी-९० मध्ये खरा लोलक आहे. दरपत्रकाच्या तक्त्यात याला रकाना नसतो, मात्र डोळा लावताच फरक कळतो. एक उणीव आहे : दिसणारी चौकट लांबीत आणि रुंदीत प्रत्यक्ष चित्राच्या ९६ टक्केच असते. ‘चार टक्क्यांनी काय होते’ असे वाटेल. पण ०.९६ चा वर्ग करून पाहा. क्षेत्रफळ ९२ टक्के येते. म्हणजे चित्राच्या कडेचा आठ टक्के भाग न पाहताच टिपला जातो. गॅदरिंगच्या फोटोत कडेला कोणाचा तरी हात येतो तो इथूनच.

आता मेगापिक्सेल. डी-९०चे चित्र ४,२८८ गुणिले २,८४८ बिंदूंचे असते, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख बिंदू. त्याच्या आधीच्या डी-८०चे चित्र ३,८७२ गुणिले २,५९२ बिंदूंचे होते, म्हणजे सुमारे १ कोटी. बिंदू वीस टक्क्यांहून अधिक वाढले, हे जाहिरातीचे वाक्य. पण एखाद्या रेषेवर, समजा पक्ष्याच्या पिसावर, किती बिंदू पडतात ते पाहिले तर वाढ केवळ अकरा टक्के. तपशील खरोखर दुप्पट हवा असेल तर बिंदू चौपट करावे लागतात. यात आणखी एक मेख आहे. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो : निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. तेव्हा १ कोटी २२ लाख हा आकडा खोटा नाही, पण तेवढ्या स्वतंत्र रंगीत नोंदी त्यात नसतात. तरीही इंचाला ३०० बिंदू या चोख मापाने सुमारे १४ गुणिले साडेनऊ इंचांचे चित्र छापता येते. शाळेच्या वार्षिकांकाला, भित्तिपत्रकाला, प्रदर्शनाला हे पुरून उरते.

खरा प्रश्न बिंदू किती हा नसून प्रत्येक बिंदू केवढा, हा आहे. डी-९०चा संवेदक २३.६ गुणिले १५.८ मि.मी.चा. भागाकार केला की एका बिंदूची बाजू सुमारे साडेपाच मायक्रॉन येते. बऱ्याच मोबाइलमध्ये ती एक मायक्रॉनच्या आसपास असते. क्षेत्रफळात हा फरक तीसपट होतो. याचा अर्थ समजण्यासाठी अंगणात एकसारख्या वाट्या मांडल्या आहेत अशी कल्पना करा. पावसाची छोटीशी सर येऊन गेली तर कोणा वाटीत आठ थेंब, कोणात बारा, कोणात दहा. पाऊस सारखाच पडला, तरी वाट्या सारख्या भरत नाहीत. मोठी पातेली मांडली आणि पाऊस तासभर पडला, तर फरक जाणवणारही नाही. प्रकाशकणांचेही असेच असते. सरासरी दहा हजार प्रकाशकण जमले तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे शंभर, एक टक्का. शंभरच जमले तर चढउतार दहा, म्हणजे दहा टक्के. अंधारातल्या चित्रात जो रवाळपणा दिसतो त्यातला बराचसा भाग हा आहे. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभाव आहे. कॅमेरा इतकेच करू शकतो की पातेली मोठी ठेवायची आणि स्वतःची भर कमी घालायची.

या बाबतीत डी-९० त्याच्या काळात उत्तम ठरला, आणि हेच त्याच्या कीर्तीचे खरे कारण. त्याची आयएसओ संवेदनक्षमता २०० ते ३२०० आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही; मिळालेल्या थोड्या प्रकाशाची नोंद फुगवून दाखवली जाते. २०० ऐवजी ३२०० ठेवले तर सोळापट कमी प्रकाशात काम भागते, पण रवाळपणा निदान चौपट होतो. १६०० पर्यंत डी-९० निर्धास्तपणे वापरावा, ३२०० वर छोट्या आकाराच्या छपाईपुरता. त्यापुढची पायरी ६४०० इतकी येते, पण कंपनीने तिला आकडा न देता ‘हाय १’ असे नाव दिले. न मोजलेल्या गुणांना ‘ग्रेस’ म्हणावे, तसा हा प्रकार. खालच्या टोकाला ‘लो १’ आहे, तो १०० समजावा. पण त्याने रवाळपणात फारसे हाती लागत नाही आणि उजळ भाग लवकर पांढरे पडतात.

लेन्सकडे वळण्यापूर्वी एक गणित. चंद्राचे आकाशातले माप अर्धा अंश, म्हणून त्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण ११० व्या भागाएवढी पडते. सोबतच्या लेन्सच्या १०५ मि.मी. टोकाला ती एक मि.मी.पेक्षाही लहान येते; साडेपाच मायक्रॉनने भागले तर चंद्राच्या व्यासावर सुमारे १७० बिंदू. ३०० मि.मी.ची लेन्स लावली तर जवळजवळ ५०० बिंदू. तेवढीच वाढ केवळ मेगापिक्सेलने साधायची तर १२ ऐवजी १०० मेगापिक्सेल लागतील. आठवी-नववीच्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर सोडवायला द्यावे. मग दुकानातला विक्रेता त्यांना सहजी फसवू शकणार नाही.

सोबत येणारी १८-१०५ ही लेन्स सोयीची आहे, याहून जास्त कौतुक करवत नाही. जोडणीचे कडे प्लास्टिकचे आहे. १८ मि.मी.वर सरळ रेषा बाहेर फुगतात; फळ्याची चौकट टिपून पाहिली की पिंपासारखी दिसते. कडेच्या भागात वर्णीय विपथनामुळे रंगीत किनार येते, पण कॅमेरा स्वतःच जेपेग चित्रातून ती पुसून टाकतो. हे चांगलेच आहे, मात्र ‘लेन्स किती स्वच्छ आहे’ असे शेरे वाचताना हे लक्षात ठेवावे : कौतुक काचेचे नसून आतल्या गणिताचे चालले आहे. कच्च्या नोंदीत, म्हणजे ‘रॉ’ फाइलमध्ये, किनार जागेवर असते.

लेन्सची दुसरी मर्यादा प्रकाशाची. १०५ मि.मी.ला तिचे सर्वांत मोठे छिद्र एफ/५.६. याउलट ५० मि.मी. एफ/१.८ ही साधी, स्वस्त, झूम नसलेली लेन्स, ५.६ भागिले १.८ चा वर्ग केला की साडेनऊपट प्रकाश. सभागृहातल्या नाटकाला हीच उपयोगी. आणि येथे डी-९०चा एक न गाजलेला गुण समोर येतो : फोकस करणारी मोटर त्याच्या अंगातच आहे. डी-४०, डी-६०, डी-५००० या स्वस्त भावंडांत ती नव्हती, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्सवर त्यांना आपोआप फोकस करता येत नाही. निकॉनची लेन्स-जोडणी १९५९ पासूनची. तिच्यासाठी बनलेल्या ऑटोफोकस लेन्स जुन्या बाजारात भरपूर आहेत, आणि डी-९० त्या चालवतो. अर्थात त्याहून जुन्या, हाताने फोकस करण्याच्या बहुतेक लेन्स बसल्या तरी प्रकाशमापक काम करत नाही. एक्स्पोजर अंदाजाने ठरवावे लागते. डी-७००० मध्ये ही सोय झाली.

छिद्र जितके लहान तितके चित्र सुस्पष्ट, असे अनेक हौशी लोक धरून चालतात. एफ/२२ ठेवून फुलाचे चित्र काढतात आणि कॅमेऱ्याला दोष देतात. लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते. बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता चकती बनते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ-अंकाच्या सुमारे १.३४ पट मायक्रॉन. एफ/८ ला हा जवळजवळ ११ मायक्रॉन, म्हणजे दोन बिंदू. एफ/२२ ला २९ मायक्रॉन, पाचांहून अधिक बिंदू. १२ मेगापिक्सेलचे पैसे मोजून ते तिथे वाया घालवले जातात. मोजपट्टीचे एकच दृश्य एफ/८ आणि एफ/२२ ने, तिपाईवरून टिपावे. तरंगप्रकाशिकीचा हा प्रयोग प्रयोगशाळेतल्या झिरी-चिमटीपेक्षा पुष्कळ सोपा आहे.

प्रकाशमापनाबद्दल मात्र गुण कापावे लागतात. ४२० तुकड्यांचा रंगीत संवेदक दृश्य वाचतो आणि ज्या जागी फोकस आहे तिला झुकते माप देतो. चेहरा सावळा आणि गणवेश पांढरा असेल, वर दुपारचे ऊन असेल, तर चेहरा उजळतो आणि शर्ट कागदासारखा कोरा होतो. एकदा पांढऱ्यात गेलेला तपशील परत येत नाही. भारतीय उन्हात एक्स्पोजर दोन-तृतीयांश पायरीने कमी ठेवणे हा सोपा उपाय, आणि त्यासाठी बटण बोटाखालीच आहे. पुढे एक आणि मागे एक अशी दोन फिरती चाके आहेत. एकाने छिद्र, दुसऱ्याने वेळ. स्वस्त कॅमेऱ्यात एकच चाक असते. शिकणाऱ्याला हा फरक मोठा वाटतो, कारण दोन राशी दोन बोटांनी स्वतंत्र बदलता येतात आणि एकीची किंमत दुसरीने कशी चुकते करावी लागते हे हाताला कळते.

फोकससाठी अकरा जागा आहेत, पण अकरा हा आकडाही तपासून घ्यावा. आपले दोन डोळे जसे दोन कोनांतून पाहून अंतर ओळखतात, तसे लेन्सच्या दोन कडांतून आलेल्या प्रतिमा कॅमेरा जुळवून पाहतो. अकरापैकी फक्त मधली जागा आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखते. उरलेल्या दहा एकाच दिशेच्या. डी-३००ला ५१ जागा होत्या आणि तो कितीतरी महाग होता. धावण्याची शर्यत टिपणाऱ्याला हे अंतर जाणवेल, बाकीच्यांनी मधली जागा वापरावी. मागच्या पडद्यावर पाहून फोकस करायला गेले तर आरसा वर असल्याने ही युक्ती चालत नाही. कॅमेरा लेन्स मागेपुढे करत चाचपडतो. कीटक तोवर उडून जातो.

आता ज्या गोष्टीमुळे डी-९०चे नाव इतिहासात गेले ती. चलच्चित्र टिपणारा हा पहिला डिजिटल एसएलआर. १,२८० गुणिले ७२०, सेकंदाला २४ चित्रे. मथळे यावरच झाले, आणि मला विचाराल तर हाच त्याचा सर्वांत कच्चा भाग. एका वेळी पाच मिनिटेच चित्रण, आवाज एकमार्गी, बाहेरचा मायक्रोफोन जोडायची सोय नाही, चित्रण सुरू झाल्यावर स्वयंचलित फोकस नाही. शिवाय संवेदकाच्या ओळी एकदम वाचल्या जात नाहीत. वरून खाली एकेक ओळ वाचली जाते. कॅमेरा झरकन फिरवला की विजेचा खांब तिरपा होतो, पंख्याची पाती विळ्यासारखी वाकतात. यातून निदान एक प्रयोग होतो. समजा लागोपाठच्या दोन चित्रांत खांब २०० बिंदू सरकला आणि एकाच चित्रात त्याचे डोके व पाय यांत १०० बिंदूंचा फरक पडला. तर पूर्ण चित्र वाचायला २४ व्या भागाचा निम्मा, म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग लागला. मुलांनी आपल्या मोबाइलचाही हा काळ काढून तुलना करावी. पण स्नेहसंमेलनाचे चित्रण करायला म्हणून कोणी डी-९० घेणार असेल तर घेऊ नये. साधा मोबाइल ते काम चांगले करतो.

मोबाइलचा विषय निघालाच आहे. ‘प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना हे पाऊण किलोचे धूड कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. मोबाइल एका क्षणात अनेक चित्रे घेतो आणि ती एकत्र करतो. नऊ चित्रे मिळवली तर रवाळपणा एक-तृतीयांशावर येतो. सहलीचा, समारंभाचा फोटो त्याने काढावा. अडचण येते ती चित्र हा पुरावा असतो तेव्हा. पोटॅशियम परमँगनेटची द्रावणे पायरीपायरीने सौम्य करत नेली आणि फोटो काढला, तर मोबाइल प्रत्येक वेळी उजेड आणि रंग आपल्या मताने ‘सुधारतो’. फिकट द्रावण गडद होते, पांढरा कागद जांभळट. काही मोबाइलमध्ये हे थांबवता येते, पण बहुतेकांत छिद्र तरी बदलता येत नाहीच. डी-९० मध्ये वेळ, छिद्र, संवेदनक्षमता, पांढऱ्याचा संदर्भ, सारे बांधून ठेवता येते. रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूची नोंद ४,०९६ पायऱ्यांत मिळते; जेपेगमध्ये २५६. डी-३०० सारख्या वरच्या कॅमेऱ्यांत १६,३८४ पायऱ्यांचीही सोय होती, पण शाळेतल्या प्रयोगाला ४,०९६ भरपूर झाल्या. मापनाचे साधन म्हणून कॅमेरा हवा असेल तर डी-९० घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि उरलेले पैसे नव्या मॉडेलवर न घालवता ५० मि.मी.च्या लेन्सवर आणि बऱ्यापैकी तिपाईवर खर्चावेत.

वापरलेला कॅमेरा घेताना सोबत एक रेघी वही न्यावी. वहीच्या रेघांवर कडेची एकेक फोकसजागा धरून पाहावी, मग वही काटकोनात फिरवावी. एका स्थितीत तरी फोकस चटकन जमायला हवा. नंतर एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. काळे ठिपके दिसले तर ती संवेदकावरची धूळ. साफ होते, पण किंमत कमी करून मागता येते. कॅमेऱ्याच्या यादीत बॅटरीची माहिती दाखवणारे पान आहे, त्यात बॅटरीचे वय ० ते ४ अशा अंकात येते. ४ असेल तर नवी बॅटरी घेण्याचा खर्च धरावा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी लागते, आजची ६४ जीबीची एसडीएक्ससी कार्डे त्याच्यासाठी नाहीत. शेवटी एक फोटो काढून संगणकावर त्या फाइलची सविस्तर माहिती उघडावी. पडदा आजवर किती वेळा उघडला तो आकडा तिथे नोंदलेला असतो. कंपनीने पडद्याची चाचणी एक लाख वेळांपर्यंत घेतली होती. विक्रेता ‘फारच कमी वापरलेला आहे’ म्हणत असेल आणि आकडा नव्वद हजारांच्या घरात असेल, तर पुढची बोलणी त्या आकड्यापासून सुरू करावीत.